वस्ती नसलेल्या शहराचा नकाशा

दिलसुखनगरमध्ये देहविक्रयाची वस्ती नाही. हैदराबादच्या पूर्वेला, विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पसरलेला हा भाग ओळखला जातो तो बस डेपोसाठी, साईबाबांच्या मंदिरासाठी, कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांसाठी आणि गल्लोगल्लीच्या शिकवणी वर्गांसाठी. नलगोंडा, खम्मम, महबूबनगरकडची मुलेमुली नोकरीच्या परीक्षांची तयारी करायला इथे येतात आणि वसतिगृहांत राहतात. २०१८ पासून मेट्रोही इथे थांबते. कामाठीपुरा, बुधवार पेठ किंवा नागपूरची गंगाजमुना म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादी गल्ली, जुन्या माड्या आणि दारात उभ्या असलेल्या बाया येतात. इथे तसे काही दिसत नाही. तरीही देहविक्रय इथे होतो. रात्रंदिवस वर्दळ असलेल्या, लॉज आणि बसथांबे असलेल्या कोणत्याही शहरी नाक्यावर तो होतोच. एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्यांपुढे त्यामुळे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. जे दिसत नाही ते मोजायचे कसे? आणि मोजण्याच्या भरात जिला मोजले तिचे वाटोळे होणार नाही याची काळजी कशी घ्यायची?

हैदराबादला वस्ती होती. जुन्या शहरातली ‘महबूब की मेहंदी’ ही ती वस्ती १९९० च्या दशकाच्या मध्यात उठवण्यात आली. तिथून बाहेर पडलेल्या बायांच्या मुलांसाठी शाळा चालवण्यापासून सुनीता कृष्णन आणि ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांच्या ‘प्रज्वला’ या संस्थेचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. वस्ती उठली तरी व्यवसाय उठला नाही. तो बसस्थानके, उद्याने, लॉज, भाड्याच्या खोल्या आणि पुढे मोबाइल फोन यांच्यात विखुरला. हैदराबादच्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडियातील ललित दंडोना, राखी दंडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अविभाजित आंध्र प्रदेशातल्या १३ जिल्ह्यांत ६,६४८ बायांच्या मुलाखती घेतल्या. २००५-०६ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या बायांपैकी ५,०१० जणी रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या होत्या, १,४९९ जणी घरातून व्यवसाय करणाऱ्या आणि कुंटणखान्यात राहणाऱ्या अवघ्या १३९, म्हणजे शंभरात जेमतेम दोन. मुंबई-पुण्याच्या अनुभवावरून बेतलेला कोणताही कार्यक्रम इथे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना चुकवूनच पुढे गेला असता. एका साध्या पाहणीने धोरणाचा पायाच बदलतो तो असा.

वस्ती मोडली की प्रश्न मिटतो, ही समजूत महाराष्ट्र आणि गोव्यालाही नवी नाही. वास्को बंदराजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती २००४ च्या जूनमध्ये पाडण्यात आली. तिथल्या कित्येक बाया कर्नाटकातून आणि आंध्रातून आलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या होत्या. त्यानंतर वर्षभर संशोधकांनी गोव्यात पाहणी केली, तेव्हा बाया एका जागी उरलेल्याच नव्हत्या. म्हणून साखळी पद्धत वापरावी लागली. आधी ओळखीच्या काही बायांना कुपने द्यायची, त्यांनी ती आपल्या ओळखीतल्या बायांना द्यायची, मग त्यांनी पुढच्यांना. अशा रीतीने ३२६ जणी भेटल्या आणि त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला एचआयव्हीची लागण झालेली आढळली. एकत्र राहत होत्या तोवर निरोधाचे खोके पोचवायला एक सायकल पुरत होती. विखुरल्यावर त्यांना शोधायलाच वर्ष लागले. नागपुरात २०२१ च्या ऑगस्टमध्ये गंगाजमुनाला पोलिसांनी टाळे लावले, तेव्हा पुन्हा तीच वाट धरली गेली. आरोग्याचे काम करणाऱ्यांना अशा कारवाईनंतर पहिली चिंता असते ती गोळ्यांची. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, रोजच्या औषधावर असलेली बाई कुठे गेली हे कळले नाही तर तिचे औषध तुटते.

या क्षेत्रातल्या संशोधनाची सुरुवात फारशी अभिमानास्पद नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ मध्ये मद्रासला मिळाला. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले होते. तो शोध मोठा होता आणि देश त्या दोघींचा ऋणी आहे. पण ते रक्त सरकारी सुधारगृहात डांबलेल्या बायांचे होते, ज्यांना ‘नाही’ म्हणण्याची सोयच नव्हती. दहा वर्षांनी, १९९६ च्या फेब्रुवारीत, मुंबईत छापे घालून चारशेहून अधिक मुली-बाया बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांची एचआयव्ही तपासणी झाली. तिथेही त्यांच्या संमतीला कोणी किंमत दिली नाही. तपासणीचा निकाल सरकारला कळला, न्यायालयाला कळला, वर्तमानपत्रांनाही कळला. ज्यांचे रक्त घेतले त्यांना औषध मिळायला मात्र बरीच वर्षे जायची होती. सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून.

त्याच काळात पुण्यात झालेल्या एका अभ्यासाने सगळी दिशा पालटायला हवी होती. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची माहिती नोंदवली. त्यांतल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात लागणीचे प्रमाण ४९.९ टक्के होते. उरलेल्या ३९१ जणींचा या व्यवसायाशी काही संबंध नव्हता. बहुतेक विवाहित, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. त्यांच्यातही प्रमाण १३.६ टक्के निघाले. नवऱ्याखेरीज कोणालाही न ओळखणाऱ्या बाईला लागण झाली असेल तर ती कोणाकडून, हे सांगायला संशोधक लागत नाही. तरीही पुढची कित्येक वर्षे पाहण्या, नकाशे, नोंदवह्या सगळ्या बायांच्याच झाल्या. गिऱ्हाइकाबद्दल ‘ट्रकचालक’ आणि ‘स्थलांतरित मजूर’ या दोन गटांपलीकडे फारसा विचार झाला नाही. दिलसुखनगरसारख्या भागात गिऱ्हाईक ट्रकवालाच असेल असे नाही. तो दुकानदार असू शकतो, शिकवणीतला विद्यार्थी असू शकतो, शनिवारी गावाकडे जाणारा नोकरदारही असू शकतो. पण त्याच्याभोवती कोणी वर्तुळ काढत नाही, त्याचा नंबर कोणी नोंदवत नाही.

बायांना रोगाचे घर समजणाऱ्या संशोधनाला उत्तर मिळाले ते दोन ठिकाणी, जवळपास एकाच वेळी. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना १९९२ मध्ये एचआयव्हीचे सर्वेक्षण करायला गेले. काही काळातच त्यांच्या लक्षात आले की बाया निरोध वापरत नाहीत त्याचे कारण अज्ञान नसून मोलभाव करण्याची ताकद नसणे हे आहे. मग त्यांनी बायांनाच आरोग्य कार्यकर्त्या केले आणि १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. इकडे सांगलीत १९९२ पासून मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने गोकुळनगरात निरोध वाटायला सुरुवात केली. वाटप बायांनी आपल्या हातात घेतले, आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजे ‘व्हॅम्प’, स्थापन झाली. सांगली, मिरज आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात या बाया स्वतः फिरल्या. कोणत्या घरात किती जणी, कोणाचा ‘मालक’ मारतो, कोणाला ताप येतो, कोण नव्याने आली, हे त्यांना सर्वेक्षणाशिवाय ठाऊक होते. बाहेरच्या संशोधकाला वर्षभरात जे कळले नसते ते त्यांना रोजच्या पाणी भरण्यात कळत होते. या दोन प्रयोगांतून देशाच्या कार्यक्रमाने शिकण्यासारखे मुख्य ते शिकले: बायांमध्ये काम करायचे तर कार्यकर्तीही त्यांच्यातलीच हवी. तिला सगळे ‘पीअर’ म्हणू लागले.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये सुरू झाली. अविभाजित आंध्र प्रदेश सर्वाधिक लागण असलेल्या सहा राज्यांत होता. महाराष्ट्रही त्याच यादीत. २००३ नंतर गेट्स फाउंडेशनचा ‘अवाहन’ प्रकल्प या सहा राज्यांत आला आणि आंध्रात मोठा पैसा, मोठी यंत्रणा उभी राहिली. नकाशे काढण्याचे शास्त्र याच काळात घडले, म्हणून ते थोडे जवळून पाहणे योग्य ठरेल.

पाहणीचा पहिला टप्पा चौकशीचा. भागाची माहिती असलेली माणसे गाठायची: रिक्षावाले, पानटपरीवाले, लॉजमधली पोरे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चहाच्या गाड्या. त्यांच्याकडून जागांची यादी निघते. ही यादी नेहमी फुगलेली असते, कारण रात्री नऊनंतर एकटी दिसलेली कोणतीही बाई रिक्षावाल्याच्या हिशेबी ‘त्यातली’च असते. दिलसुखनगरमध्ये हा धोका दुप्पट. शिकवणी संपवून उशिरा वसतिगृहाकडे परतणारी मुलगी, दुकानातले काम आटोपून बसची वाट बघणारी विक्रेती, खासगी दवाखान्यातल्या रात्रपाळीला निघालेली नर्स, सगळ्या त्याच थांब्यावर उभ्या असतात. म्हणून दुसरा टप्पा पडताळणीचा, आणि तो पीअरशिवाय होऊच शकत नाही. ती त्या थांब्यावर स्वतः जाते, बोलते आणि यादीतली निम्मी नावे खोडून टाकते. संशोधनाची खरी अक्कल इथे लागते, किती जागा नोंदवल्या यापेक्षा किती खोडल्या यात.

तिसऱ्या टप्प्यात बाया जमतात आणि मोठ्या कागदावर भागाचा नकाशा काढतात. त्या नकाशात रस्त्यांची लांबी खरी नसते, पण बाकी सगळे खरे असते. दारूचे दुकान, पोलीस चौकी, जिथला डॉक्टर घाणेरड्या नजरेने पाहत नाही तो दवाखाना, संध्याकाळी दिवा नसलेला बोळ, हाक मारली तर ओ देणारा टपरीवाला. प्रत्येक जागेपुढे दोन आकडे लिहायचे: साध्या दिवशी किती जणी असतात आणि गर्दीच्या दिवशी, म्हणजे पगाराच्या आठवड्यात किंवा सणाच्या तोंडावर, किती. मग येतो सगळ्यात अवघड प्रश्न, दुबार मोजणीचा. मंगळवारी इथे असलेली बाई शुक्रवारी सिकंदराबादला असू शकते. पीअर विचारते, ‘अक्का, मागच्या आठवड्यात आणखी कुठं गेली होतीस?’ या उत्तरांवरून आकडा खाली आणला जातो. तो खाली आणला नाही तर कागदावर दुप्पट बाया दिसतात, आणि वर्षअखेरीला कार्यकर्त्यांना त्या अस्तित्वातच नसलेल्या बायांपर्यंत ‘पोचल्याचा’ हिशेब द्यावा लागतो.

अवाहनच्या काळात लिहिता-वाचता न येणाऱ्या पीअरसाठी चित्रांच्या वह्या केल्या होत्या. प्रत्येक बाईची एक ओळ. किती गिऱ्हाइके येतात, निरोध किती लागतात, दवाखान्यात शेवटची कधी गेली, मारहाण होते का, दारूचा त्रास आहे का, हे सगळे खुणांनी भरायचे. आठवड्याला लागणाऱ्या निरोधांतून मिळालेले वजा केले की किती कमी पडले ते त्याच ओळीवर दिसते. संख्याशास्त्राचे जाडजूड अहवाल एकीकडे आणि ही ओळ एकीकडे ठेवली तर कामाची आहे ती ओळ. कारण ती भरणारीच दुसऱ्या दिवशी ती तूट भरून काढायला जाते. तीन महिन्यांनी एकदा आरोग्य तपासणी, सहा महिन्यांनी एकदा एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी, लागण निघाली तर उस्मानिया किंवा गांधी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रापर्यंत सोबत, अशी ती साखळी. एका पीअरकडे साधारण पन्नास-साठ बाया. मानधन तुटपुंजे. या कार्यक्रमाचा पाया ज्यांच्या पायांवर उभा आहे त्यांना अर्धवेळ मदतनिसाएवढेही न देणे ही सगळ्या व्यवस्थेची लाज आहे.

या मेहनतीचा परिणाम आकड्यांत दिसला. देशभरात पाहणीत आलेल्या बायांमधले लागणीचे प्रमाण २००७ मध्ये ५.०६ टक्के होते, ते २०१०-११ मध्ये २.६७ टक्के झाले आणि २०१७ मध्ये सुमारे १.६ टक्के. हे यश खरे आहे. पण ते नीट वाचले पाहिजे. ही पाहणी प्रामुख्याने प्रकल्पात नोंद असलेल्या बायांची. ज्यांच्यापर्यंत निरोध, औषध आणि पीअर पोचली त्यांच्यात लागण कमी झाली, एवढेच तो आकडा खात्रीने सांगतो. ज्या नोंदीत नाहीत त्यांच्याबद्दल तो गप्प आहे. आकडे कुठून घेतले यावर चित्र किती पालटते याचा धडा आंध्रानेच देशाला दिला होता. २००४-०५ मध्ये दंडोना यांच्याच गटाने गुंटूर जिल्ह्यात सामान्य लोकसंख्येची पाहणी केली आणि सरकारी दवाखान्यांतल्या नमुन्यांवरून काढलेले अंदाज फुगलेले असल्याचे दाखवले. २००७ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधाराने देशाचा अंदाज सुमारे ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आला. रोग अर्धा झाला नव्हता. मोजण्याची जागा बदलली होती.

आता नोंदीबाहेर राहणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि त्याचे मुख्य कारण फोन. गिऱ्हाईक थांब्यावर शोधावे लागत नाही, ते फोनवर ठरते. मधला माणूस दलाल असेल किंवा एखादी ओळखीची बाईच असेल. नॅकोने २०२० ते २०२२ या काळात केलेल्या नव्या मोजणीत म्हणूनच जागांबरोबर फोनवरून जुळवणी करणाऱ्यांचीही मोजणी केली. त्या मोजणीत देशात सुमारे ९.९५ लाख बाया धरल्या गेल्या. आधीचा अंदाज ८.६८ लाखांचा होता. दिलसुखनगरसारख्या भागात थांब्यावर उभी राहणारी बाई आता बहुधा वयाने मोठी, स्मार्टफोन न परवडणारी, ठरलेले गिऱ्हाईक नसलेली असते, आणि तिच्यावर पोलिसांचा हातही लवकर पडतो. फोनवरून काम करणारी तरुणी स्वतःला या व्यवसायातली मानतच नाही. पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञ रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी १४ राज्यांतल्या ३,००० बायांची पाहणी केली, तेव्हा पुढे आले की अनेक जणी आधी घरकाम, शेतमजुरी, बांधकाम अशा कामांत होत्या आणि दोन्ही कामे एकत्र करणाऱ्याही होत्या. दिवसा दुकानात किंवा मजूर अड्ड्यावर, महिन्यातून चार-सहा वेळा हे. अशा बाईला ‘तुझी नोंद करूया’ म्हटले तर ती पुन्हा फोन उचलणार नाही. तिला चाचणी हवी असते, निरोध हवा असतो, गर्भपाताची सुरक्षित सोय हवी असते. नोंद नको असते. भाषेचाही प्रश्न आहे. नांदेड-लातूरकडून हैदराबादेत कामाला आलेल्या मराठी बाईशी तेलुगू किंवा दखनीत बोलणारी पीअर जेमतेम संवाद साधू शकते, आणि बुधवार पेठेत तेलुगू बाईची गत तीच.

नकाशा काढणाऱ्याला पोलीस ठाण्याचा विचार आधी करावा लागतो, कारण या देशात असा नकाशा आरोग्य कार्यकर्त्यांच्या आणि पोलिसांच्या, अशा दोघांच्याही उपयोगाचा असतो. देहविक्रय करणे हा भारतात गुन्हा नाही. पण १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली कुंटणखाना चालवणे, त्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणे हे गुन्हे आहेत. दोघी-तिघी मिळून एक खोली भाड्याने घेतात तेव्हा ती खोली कायद्याच्या भाषेत कुंटणखाना ठरू शकते, आणि कमावत्या बाईचा सज्ञान मुलगा ‘कमाईवर जगणारा’. अशा स्थितीत घर क्रमांक, फोन नंबर आणि गिऱ्हाइकांची संख्या एकाच कागदावर लिहिणे म्हणजे आरोपपत्राचा मसुदा तयार करून ठेवणे. दिलसुखनगरात आणखी एक गुंता आहे. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी इथल्या भर बाजारात झालेल्या दोन बाँबस्फोटांचे गुन्हे मलकपेट आणि सरूरनगर अशा दोन ठाण्यांत नोंदवावे लागले, कारण पोलिसांची हद्द याच रस्त्यावर बदलते. त्याच वर्षी राज्यात सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आला आणि माणसे जमतात अशा आस्थापनांना कॅमेरे लावणे बंधनकारक झाले. एका ठाण्याच्या अधिकाऱ्याशी बोलून पीअरला ओळखपत्र मिळवले तरी रस्ता ओलांडला की दुसरे ठाणे, आणि डोक्यावर सगळीकडे कॅमेरा.

कायद्याने काही बाबतीत संरक्षण दिले आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने संमतीशिवाय चाचणी आणि माहिती उघड करणे यांना मज्जाव केला, आणि कलम २२ मध्ये सांगितले की लागणीचा धोका कमी करण्यासाठी केलेले कोणतेही काम, निरोध वाटणेसुद्धा, गुन्हा धरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि छाप्यांच्या बातम्यांत बायांची ओळख उघड होऊ नये, असे निर्देश दिले. हे निर्देश ठाण्याच्या हवालदारापर्यंत पोचवणे हे संशोधनाच्या आधीचे काम आहे. पर्समध्ये तीन निरोध सापडले म्हणून बाईला बसवून ठेवले जात असेल, तर पुढच्या वेळी ती निरोध घेणार नाही, आणि मग कोणत्याही पाहणीने लागण कमी होणार नाही.

म्हणून संशोधकाने स्वतःला काही बंधने घालून घेतली पाहिजेत, आणि ती कडक असली पाहिजेत. संमती घ्यायची, पण सहीचा आग्रह धरायचा नाही. अनेकदा सगळ्या अभ्यासात बाईचे खरे नाव असलेला एकमेव कागद तो सहीचाच असतो. तोंडी संमती, साक्षीदार पीअर, एवढे पुरते. संध्याकाळचा तासभर घेतला तर त्याचा मोबदला द्यायचा, कारण तो तिच्या कमाईचा तास आहे. जागांची नावे अहवालात छापायची नाहीत. दिलसुखनगरमधल्या कोणत्या थांब्यावर, कोणत्या बोळात, हे निधी देणाऱ्या कार्यालयाला ठाऊक असण्याची काहीही गरज नाही. त्याला हवा असतो तो या भागात साधारण किती जणी आहेत, त्यांना किती निरोध आणि किती चाचण्या लागतील एवढाच आकडा. बारकाव्यांचा नकाशा बायांच्या समितीकडे राहावा आणि दर वर्षी त्यांनीच तो नव्याने काढून जुना फाडून टाकावा. जी माहिती सेवेत उतरणार नाही ती गोळाच करू नये. पहिला संबंध कितव्या वर्षी आला, घर का सोडले, नवऱ्याने टाकले का, हे प्रश्न प्रश्नावल्यांत वर्षानुवर्षे आहेत. त्यांच्या उत्तरांनी प्रबंध जाड झाले. एकाही बाईला त्यामुळे एक चाचणी लवकर मिळाली असे झालेले नाही. आणि निष्कर्ष परत आले पाहिजेत, इंग्रजी नियतकालिकात छापून येण्याच्या आधी, तेलुगूत आणि दखनीत, त्याच खोलीत जिथे नकाशा काढला गेला.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीरपणे घ्यावा लागतो. बायांच्या हातात माहिती ठेवली तर फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलींचे काय? त्यांना शोधायला पोलिसांना नकाशा नको का? त्याचे उत्तर सांगली आणि सोनागाछीने कृतीतून दिले आहे. नवी, घाबरलेली, लहान मुलगी कुठे आली हे सगळ्यात आधी शेजारच्या बाईला कळते, आणि तिचा विश्वास असला तर ती सांगते. दुर्बारने त्यासाठी बाया आणि बाहेरची जाणती माणसे मिळून स्वयंनियमन मंडळे चालवली. उलट, नकाशा पोलिसांकडे जाईल अशी शंका जिथे आली तिथे बायांनी पीअरलाही दार उघडले नाही, आणि मग मुलगी कोणालाच सापडली नाही. दोन कामे एकाच कागदाने करायला गेले की दोन्ही बिघडतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ असा आखला गेला. त्यापुढच्या आखणीत हैदराबादसारख्या वस्ती नसलेल्या शहरांना वेगळी वागणूक मिळाली पाहिजे. नोंद न करता, नाव न सांगता चाचणी आणि औषध देणारे दवाखाने संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे राहतील अशा वेळा हव्यात. पीअरला कामगार समजून किमान वेतन मिळाले पाहिजे. गिऱ्हाईक पुरुषांची पाहणी व्हायला हवी, आणि तिचे प्रश्न बायांनी ठरवावेत. निरोध नको म्हणून जास्त पैसे कोण देतो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. दिलसुखनगर कागदावर कसे मांडायचे, किती मांडायचे आणि कोणाला दाखवायचे, हा निर्णय तिथे काम करणाऱ्या बायांच्या समितीचा असावा, आणि त्या कामाचे पैसे राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीने अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली धरावेत.